वालाबाईची ओटी

माझ्या आतेसासूबाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती थांबवण्याची ताकद अख्ख्या जर्मन शासनव्यवस्थेत नाही, असं माझं ठाम मत आहे. आतेसासूबाई म्हणजे माझ्या बायकोची सख्खी आत्या. ज्या देशात रविवारी भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी दारात येऊन उभा राहतो, त्या देशात आत्या वर्षानुवर्षं दर रविवारी सकाळी खलबत्त्यात दाण्याची चटणी कुटत आल्या. पहिल्यांदा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तक्रार घेऊन वर आले, तेव्हा आत्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि "तर मग" अर्थाचा जर्मन शब्द पुढे लावून, "आल्झो, आधी चव घ्या, मग भांडू" म्हणत गरम भाकरीवर चटणी आणि तेल घालून पुढ्यात ठेवलं. पुढे पुढे खलबत्ता वाजला नाही तर ते गृहस्थ तब्येतीची चौकशी करायला वर यायचे. एका थंडीत आत्यांनी आपलं कढीपत्त्याचं रोप शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, रेल्वेने एर्लांगेनला आमच्याकडे आणलं, कारण आमच्या खिडकीत ऊन बरं येतं. तिकीट तपासायला आलेला माणूस बाळ समजून कौतुकाने वाकला. आत्यांनी शाल बाजूला करून त्याला एक पान चुरगळून हुंगायला दिलं आणि या गडबडीत तिकीट दाखवायचं राहून गेलं.

आत्यांचे यजमान, म्हणजे काका, इथल्या एका कंपनीत दवाखान्यातली तपासणीची यंत्रं बनवायच्या खात्यात होते. निवृत्त झाल्यावर दोघांनी शहर सोडलं आणि वालबेर्ला नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी, चेरीच्या बागांमधल्या एका गावात लहानसं घर भाड्याने घेतलं. टेकडीच्या माथ्यावर एक जुनं, एवढंसं चॅपल आहे, संत वालबुर्गाचं. काका होते तोवर आत्यांनी त्या चॅपलकडे लक्ष दिलं नव्हतं. दोघं टेकडी चढायची, काका धापा टाकत बाकावर बसायचे, आत्या डब्यातलं थालीपीठ काढायच्या, आणि दोघं उतरून यायची. काका गेल्यानंतरच्या वसंतात आत्या एकट्याच वर गेल्या. बाकावर बसवेना, म्हणून चॅपलमध्ये शिरल्या. आत एका हातात लहानशी कुपी आणि दुसऱ्या हातात गव्हाच्या ओंब्या घेतलेली एक बाई उभी होती, लाकडाची. त्या चॅपलची किल्ली आणि झाडलोट सांभाळणाऱ्या फ्राउ ड्योर्फ्लर तिथे मेणबत्त्या बदलत होत्या. त्यांना आत्यांनी विचारलं, ही कोण. फ्राउ ड्योर्फ्लर हे कमी बोलणाऱ्या माणसांच्या मुलखातलंही कमी बोलणारं माणूस. त्या म्हणाल्या, "वालबुर्गा. इंग्लंडहून आली. परत गेली नाही." बस्स, एवढंच. पण आत्यांना तेवढं पुरलं. त्या घरी आल्या त्या एक नातं जोडूनच.

त्या दिवसापासून वालबुर्गाची वालाबाई झाली आणि आमच्या घरात ती एखाद्या चुलत मावशीसारखी वावरू लागली. तिचं चरित्र मी आत्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की बाराशे वर्षांपूर्वीची ती बाई मला लग्नकार्यात भेटल्यासारखी वाटते. "आल्झो, ऐका जावईबापू," आत्या सुरू करायच्या. "बाप दोन मुलांना घेऊन रोमच्या यात्रेला निघाला आणि वाटेतच गेला. ही मागे मठात, शिकायला. मामा आधीच इकडे जर्मनीत येऊन लोकांना बाप्तिस्मे देत फिरत होता. त्याने निरोप धाडला, भाचीला पाठवा. आता मामाचा निरोप म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? निघाली. समुद्रात हे एवढं वादळ. खलाशी रडायला लागले. ही डेकवर गुडघे टेकून बसली ती वादळ थांबेपर्यंत उठली नाही." हे सांगताना आत्या स्वतः सोफ्यावर अशा ताठ बसायच्या की समुद्राची काय बिशाद, असं वाटावं. मग भावाने काढलेला मठ, भाऊ वारल्यावर तो हिच्या हाती आला तो प्रसंग. "बायकांच्याही मठावर ही आणि पुरुषांच्याही मठावर ही. त्या काळात. तुमच्या ऑफिसात आहे का एक तरी बाई वर?" ऑफिसात माझ्या वरची, तिच्या वरची आणि तिच्याही वरची बाईच आहे, पण हे सांगून मी कथेत व्यत्यय आणत नसे.

चरित्रातल्या चमत्कारांकडे आत्या श्रद्धेपेक्षा उपयुक्ततेच्या दृष्टीने पाहत. वालाबाई एकदा कुणा सरदाराच्या आजारी मुलीला बघायला एकटीच गेली, तेव्हा दारात शिकारी कुत्रे अंगावर धावून आले. ती जागची हलली नाही, आणि कुत्रे गप्प झाले. हे ऐकल्यापासून आत्यांनी गावातल्या प्रत्येक कुत्र्यासमोर जागचं न हलण्याचा प्रयोग केला. शेजारच्या आखूड पायांच्या डाक्सहुंडने त्यांच्या साडीची किनार फाडली, तेव्हा आत्या म्हणाल्या, "तो शिकारी जातीचा असला तरी सरदाराच्या घरचा नव्हता." वालाबाईच्या मृत्यूनंतर तिची कबर लोक विसरले, बांधकामाचे मजूर तिच्यावरून खुशाल ये-जा करू लागले, तेव्हा ती बिशपच्या स्वप्नात जाऊन त्याला खडसावून आली, हा आत्यांचा सर्वांत लाडका भाग. मग तिच्या अस्थी आइश्टेटला नेल्या. तिथे त्या ठेवल्या आहेत त्या दगडातून थंडीच्या दिवसांत पाणी झरतं, लोक त्याला तेल म्हणतात आणि तिथल्या नन्स ते इवल्या बाटल्यांतून देतात. तशी एक बाटली आत्यांच्या देवघरात गंगेच्या गडूशेजारी असायची. "मेल्यावरसुद्धा बाईने आपली कामं स्वतः करून घेतली," आत्या म्हणायच्या. यापेक्षा मोठी स्तुती त्यांच्यापाशी नव्हती.

तीस एप्रिलला मात्र त्यांच्याजवळ जाऊ नये. मे महिन्याचा पहिला दिवस वालाबाईचा, आणि आदल्या रात्रीला तिचंच नाव लावून सगळी जर्मनी चेटकिणींचा खेळ करते. पोरं टोकदार टोप्या घालून हिंडतात, दुकानात झाडूच्या आकाराची बिस्किटं मिळतात. एका वर्षी आत्यांनी गावच्या बेकरीत जाऊन, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, बेकरीणबाईंना विचारलं, "तुमच्या आजीच्या वाढदिवसाला तुम्ही तिला चेटकीण म्हणून तिच्या फोटोला झाडू लावाल का?" बेकरीणबाईंनी खरोखर विचार केला आणि म्हणाल्या, की आजी होतीच तशी. आत्या तरीही हटल्या नाहीत. पुढल्या वर्षी झाडूच्या बिस्किटांशेजारी गव्हाच्या ओंबीच्या आकाराचे पाव आले. ते झाडूंपेक्षा कमी खपले, पण आत्या स्वतःच इतके घ्यायच्या की बेकरीला तोटा नव्हता, आणि ते पाव मे महिनाभर आम्ही खायचो.

आता ओटीबद्दल. आत्यांचा मुद्दा असा होता, की वालाबाई माहेर सोडून आली ती आलीच. आई नाही, बाप नाही, परत जाणं नाही. मग तिची ओटी कुणी भरली? जर्मन लोकांनी भरलेली असणं शक्य नाही. म्हणजे बाराशे वर्षं बाई रिकाम्या ओटीने उभी आहे. तेव्हा टेकडीवर मे महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा उत्सव असतो त्या दिवशी, सकाळची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी, आत्या सहावारी साडी, तिच्यावर विंडचीटर आणि पायांत डोंगर चढायचे बूट अशा वेषात खण, नारळ, हळकुंड, सुपारी आणि तांदूळ घेऊन हजर झाल्या. पुण्याच्या त्यांच्या जाऊबाईंनी फोनवर अडवून पाहिलं, की विधवेने ओटी भरायची असते का. आत्या म्हणाल्या, "ती संन्यासीण आहे, तिला कसली विधवा आणि कसली सवाष्ण." खरा अडथळा वेगळाच निघाला. चॅपलच्या दारावर पाटी होती, तांदूळ आणण्यास मनाई. इथे लग्नात नवरा-नवरीवर तांदूळ उधळतात आणि मग म्हाताऱ्या बायका त्यांवरून घसरतात. फ्राउ ड्योर्फ्लरनी पाटीवर बोट ठेवलं. आत्यांनी पाटी वाचली, मूर्तीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या ओंब्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गेनाऊ. अगदी बरोबर. चूक माझीच. हिला गहूच हवेत, आमच्या माहेरीही गव्हांनीच भरायचे." त्या पुन्हा टेकडी उतरल्या, घरून गहू घेतले आणि पुन्हा चढल्या. गव्हाला मनाई करणारी पाटी फ्राउ ड्योर्फ्लरना सापडली नाही. प्रार्थनेनंतर त्यांनी गहू निमूट झाडून गोळा केले, नारळ घरी नेला आणि त्याची बिस्किटं भाजली. तेव्हापासून दर वर्षी हे असंच चालत आलं. दोघी एकमेकींना शेवटपर्यंत अहो-जाहोच करत राहिल्या.

गेल्या हिवाळ्यात आत्या बर्फावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. ड्युसेलडॉर्फहून त्यांचा मुलगा धावत आला आणि म्हणाला, आई, आता आमच्याकडेच. आम्हाला वाटलं, महायुद्ध होणार. पण आत्या लगेच हो म्हणाल्या. स्वतःचं स्वतःला झेपत नाही हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं. अट मात्र एक घातली. "वालाबाईच्या ओटीची सोय लागल्याशिवाय मी घर सोडणार नाही. एकदा भरायला लागलो आणि मग टाकून गेलो, यापेक्षा भरली नसती तर बरं." मुलाने घरमालकाला क्युंडिगुंग, म्हणजे घर सोडायची नोटीस, पाठवून टाकली, सामान हलवणाऱ्यांशी मे महिन्यातला टेर्मिन, म्हणजे दिवस, ठरवला. आत्यांनी खोकी भरायला नकार दिला. तो रोज फोन करायचा, त्या रोज सांगायच्या, "माणूस मिळू दे." घरात हात गळ्यात बांधलेली एक बाई, मागे पोराचा धोशा, आणि तिला फिकीर एका लाकडी मूर्तीची. मला हसू यायचं आणि त्याच वेळी धास्तीही वाटायची, कारण ही बाई खरोखर त्या रिकाम्या होणाऱ्या घरात एकटी बसून राहील याबद्दल मला शंका नव्हती.

मग माणूस शोधणं सुरू झालं. पहिला नंबर माझ्या बायकोचा. ती म्हणाली, "आत्या, मेच्या पहिल्या वीकेंडला दर वर्षी ऑफिसात माझा सॉफ्टवेअरचा रिलीज असतो गं. मला नाही जमणार, आणि वर्षभर हो म्हणून आयत्या वेळी तुला फसवणार नाही." आत्यांना उत्तर आवडलं, पण उमेदवार बाद झाला. मी म्हटलं, मी भरतो. आत्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि चहा टाकायला उठल्या. एर्लांगेनच्या मराठी मंडळातल्या बायकांना त्यांनी एकेक करून घरी बोलावलं आणि पोहे खायला घालून असे प्रश्न विचारले, की लग्नाच्या मुलीलाही कुणी विचारले नसतील. टेकडी चढता येते का? पावसात? जर्मनीत किती वर्षं राहणार? एकजण म्हणाली, व्हिसाचं काही खरं नाही. एकीला वाटलं, ख्रिस्ती देवळात ओटी भरलेली सासूबाईंना चालणार नाही. एका उत्साही मुलीने सुचवलं, की आत्यांनी ड्युसेलडॉर्फहून व्हिडिओ कॉल करावा आणि आपण फोन मूर्तीपुढे धरू. त्या मुलीला पोह्यांवर दुसऱ्यांदा खोबरं मिळालं नाही. एप्रिल संपला, चेरीचा बहर झडला, आणि माणूस मिळाला नाही.

आत्यांची शेवटची खेप म्हणून बायकोने त्या एका वर्षापुरती रिलीजमधून सुटी काढली, आणि उत्सवाच्या दिवशी आम्ही तिघं पहाटेच निघालो. टेकडीवर त्या दिवशी गाड्यांना बंदी असते, आणि नसती तरी आत्या बसल्या नसत्या. चढ त्यांना जड जात होता. दर वळणावर त्या थांबायच्या, काठी रोवायच्या, तोंडाने काही पुटपुटायच्या आणि पुढे निघायच्या. ज्या बाकावर काका बसायचे तिथे मी थांबू या म्हटलं, तर म्हणाल्या, "बसले तर उठायची नाही." वर पोचलो तेव्हा बियरचे तंबू उघडत होते, बँडवाले वाद्यं पुसत होते. चॅपलमध्ये फ्राउ ड्योर्फ्लर एकट्याच होत्या. मोडून सांधलेल्या हाताने आत्यांनी हळदकुंकू वाहिलं, गहू वाहिले, खण आणि नारळ ठेवला. मागे वळून म्हणाल्या, "फ्राउ ड्योर्फ्लर, हे शेवटचं. मी मुलाकडे चालले. पुढच्या वर्षापासून कुणी येणार नाही." त्यांचा आवाज असा पडलेला मी कधी ऐकला नव्हता.

फ्राउ ड्योर्फ्लरनी हातातला लांब दांड्याचा झाडू भिंतीला टेकवला. "का येणार नाही?" त्या म्हणाल्या. "मी रोज इथेच असते. काय काय लागतं ते मला माहीत आहे, मीच तर झाडते. आधी काय आणि नंतर काय, तेवढं दाखवा."

सगळं मराठी मंडळ पालथं घातलं, पण ज्या बाईने दर वर्षी शेजारी उभं राहून सगळं पाहिलं होतं तिला विचारायचं आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. "शिकवते," आत्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज लगेच परत आला. फ्राउ ड्योर्फ्लरना समोर उभं करून त्यांनी कामाच्या एप्रनचा ओचा धरायला लावला आणि क्रमाने सगळं करून दाखवलं. उरलेले गहू एप्रनमध्ये पडले. फ्राउ ड्योर्फ्लरनी एखादं यंत्र समजून घ्यावं तसं ते पाहिलं आणि म्हणाल्या, "आता मी करून बघते. तुमच्यावर."

आत्या एक पाऊल मागे सरकल्या. काका गेल्यापासून आत्यांची ओटी कुणी भरली नव्हती, आणि त्यांनी ती भरू दिलीही नव्हती. आमच्याकडे हळदीकुंकू असलं, की त्या आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या, डाळीला फोडणी द्यायच्या आणि सगळ्या जणी गेल्यावर बाहेर यायच्या. जगातले सगळे नियम वाकवणाऱ्या या बाईने हा एक नियम स्वतःसाठी तसाच ठेवला होता, आणि आम्ही कुणी कधी त्यावर बोललो नाही. "माझी नाही भरत," त्या म्हणाल्या. "माझा नवरा वारला."

"माझाही वारला," फ्राउ ड्योर्फ्लर म्हणाल्या. मग मूर्तीकडे मान वळवून, "हिला तर नव्हताच."

माझ्या बायकोने पुढे होऊन त्यांच्या विंडचीटरची चेन उघडली आणि आतला पदर मोकळा करून त्यांच्या हातात दिला. आत्यांनी तो पसरला. फ्राउ ड्योर्फ्लरनी कुंकवाची डबी उघडली. कपाळावर काही लावायची त्यांना एकच पद्धत ठाऊक होती, उपासाचे दिवस सुरू होताना त्यांच्याकडे राख लावतात ती. अंगठा कुंकवात बुडवून त्यांनी आत्यांच्या कपाळावर एक उभी आणि एक आडवी रेघ ओढली. मग आपल्या एप्रनमधले गहू ओंजळीने आत्यांच्या पदरात घातले. किती वेळा घालायचे ते लक्षात राहिलं नसावं, कारण एप्रन रिकामा होईपर्यंत त्या घालत राहिल्या. माझी बायको तोंड फिरवून रडत होती, आणि माझंही काही फार बरं चाललं नव्हतं.

उतरताना माझ्या बायकोने रुमाल काढला, म्हणाली, "आत्या, कुंकू पसरलंय, पुसू का?" आत्या म्हणाल्या, "राहू दे." बियर पिणाऱ्या, गाणाऱ्या गर्दीतून त्या कपाळावर तांबडा क्रूस आणि मुठीत पदराची गाठ घेऊन सरळ चालत गेल्या. घरी पोचल्यावर त्यांनी मुलाला फोन केला आणि सांगितलं, खोकी भरायला घेते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सामान बांधायला गेलो. सगळं स्वयंपाकघर खोक्यांत गेलं होतं, एक पातेलं आणि एक वाटी तेवढी बाहेर होती. आत्यांनी रात्रभर भिजवलेले गहू गुळात शिजवले होते आणि एका खोक्यावर बसून त्या घुगऱ्या चमच्याने खात होत्या. या बाईने पहिला घास दुसऱ्याला दिल्याशिवाय काही खाल्लेलं मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. तेव्हा सवयीने मी हात पुढे केला. आत्यांनी वाटी स्वतःकडे ओढून घेतली.

"नाही हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "ओटीचं आहे. हे माझं मीच खायचं असतं."

मी हात मागे घेतला. आम्ही दोघं खोक्यांमध्ये उभे राहिलो, आणि त्या सावकाश, शेवटच्या दाण्यापर्यंत, एकट्या खात बसल्या.